हाताने फिरवायचा सायरन: दीड वर्ष वापरून झाल्यावर

आमच्या वसाहतीत सहा इमारती आहेत. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला रस्त्यापलीकडे रसायनांचा कारखाना. खांबावरचा विजेचा मोठा सायरन आधीपासून होता. दोन पावसाळ्यांपूर्वी मध्यरात्री नदीचं पाणी चढलं. त्याच्या अर्धा तास आधी वीज गेली होती आणि तो सायरन वाजलाच नाही. त्याला बॅटरी होती, पण ती केव्हाच उतरलेली होती. तळमजल्यावरच्या तीन घरांना पाणी आल्याचं कळलं ते पलंगाचे पाय बुडाल्यावर. त्यातल्या एका घरात आठ दिवसांची बाळंतीण होती. त्या रात्रीनंतर पहिल्याच बैठकीत मी हाताने फिरवायच्या सायरनचा विषय काढला आणि तो आणेपर्यंत सोडला नाही. म्हणून हा अभिप्रायही मीच लिहिते आहे.

वस्तू लाल रंगाची, ओतीव धातूची, तीन पायांच्या घडीच्या तिपाईवर बसणारी. बाजूला हँडल. आत एक फिरणारी चक्री आणि तिच्याभोवती स्थिर कडं, दोन्हींना खाचा. चक्री फिरली की हवा बाहेर फेकली जाते आणि खाचांमधून तुकड्या-तुकड्याने निसटते. तुकडे जितके भरभर पडतील तितका आवाज चढा. बस, एवढंच यंत्र. या तत्त्वावरचं उपकरण एका फ्रेंच माणसाने 1819 मध्ये केलं आणि ते पाण्याखालीही वाजतं म्हणून त्याला ग्रीक पुराणकथांतल्या जलकन्यांचं, सायरनचं नाव दिलं. दोनशे वर्षांत त्यात बिघडण्यासारखं फारसं काही आलेलं नाही, हीच त्याची खरी ताकद. वीज नको, चार्जिंग नको, नेटवर्क नको.

पहिली दोन-तीन वळणं जड जातात. आतून नुसती घरघर येते आणि वाटतं, हा काय वाजणार! मग दातेरी चाकं वेग पकडतात, घरघरीचा गुंजारव होतो, गुंजारवाचा भोंगा होतो आणि हँडल एकदम हलकं लागायला लागतं. पाच-सहा सेकंदांत आवाज पूर्ण चढतो. हँडल थांबवलं तरी आतली चक्री आपल्या वेगाने फिरत राहते आणि आवाज हळूहळू खाली उतरतो. सलग तीन मिनिटं फिरवलं की माझ्या वयाच्या बाईचा खांदा भरून येतो, त्यामुळे फिरवायला कायम दोन माणसं ठेवा. आणि कानात बोळे घातल्याशिवाय हात लावू नका. पहिल्या दिवशी उत्साहात आम्ही तसंच फिरवलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजत होती.

आता उणीव, जी घेताना कुणी सांगत नाही. या सायरनला तुटक आवाज काढता येत नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आहे, टोनवरून लाइनचं दुखणं ओळखणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे मला वाटलं होतं की आपण छान खुणा ठरवू: पाण्यासाठी थांबून थांबून, वायूगळतीसाठी सलग. कागदावर ते फार सुंदर दिसलं. प्रत्यक्षात चक्री थांबायलाच इतका वेळ लागतो की ‘थांबून थांबून’ वाजवलेला सायरन लांबून ऐकणाऱ्याला उंचसखल ऐकू येतो, आणि दमलेल्या हाताने वाजवलेला सलग सायरनही उंचसखलच ऐकू येतो. चौथ्या इमारतीच्या गच्चीवर मी स्वतः उभी राहून ऐकलं. कोणता आवाज कशाचा, हे मला सांगता येईना, तिथे झोपेतून उठलेल्या माणसाने काय ओळखावं!

देशोदेशीच्या खुणा बघितल्यावर तर मी हा नाद सोडलाच. स्वित्झर्लंडमध्ये एक मिनिटाचा उंचसखल आवाज म्हणजे रेडिओ लावा आणि सांगतील ते ऐका. धरणाखालच्या भागात मात्र वीस-वीस सेकंदांचे बारा खर्जातले भोंगे, मध्ये दहा-दहा सेकंदांची विश्रांती, म्हणजे ताबडतोब तो भाग सोडा. शेजारच्या ऑस्ट्रियात तीन मिनिटांचा सलग आवाज धोक्याची पूर्वसूचना देतो आणि एक मिनिटाचा सलग आवाज धोका टळल्याची. आवाज तोच, फरक फक्त लांबीचा. लहानपणापासून नियमित चाचणी ऐकत मोठं झालेल्यांना ते जमत असेल. आमच्याकडे भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलतात.

ऐकू कुठे-कुठे येतो, हेही आम्ही तपासलं. एक रविवार, वसाहतीतली आठ पोरं, प्रत्येकाच्या हातात कागद. सायरन मधल्या चौकात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, हा साधा हिशोब. पण इमारतीची आड भिंत आली, खिडकी बंद झाली, पंखा लागला की हिशोब पार कोसळतो. नदीकडच्या इमारतीतल्या मागच्या खोल्यांत खिडक्या बंद केल्यावर पोरांनी कागदावर लिहिलं, ‘ऐकू आला पण सायरन आहे हे माहीत होतं म्हणून’. हे वाक्य बारा वर्षांच्या मुलीचं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटलं. नळ सोडलेल्या न्हाणीघरात एकालाही आला नाही. उघड्यावर लावलेले सायरन मुळात घराबाहेरच्या माणसांसाठी असतात. घरात झोपलेल्याला तो उठवेलच, असं धरून चालू नये, मग तो हाताचा असो वा खांबावरचा.

पण वस्तूपेक्षा मोठा धडा मिळाला तो पहिल्या सरावात. आम्ही मुद्दामच दिवस सांगितला नव्हता, फक्त ‘या महिन्यात’ एवढीच सूचना फळ्यावर होती. सकाळी दहा वाजता सायरन वाजवला. लोक काय करतात ते लिहायला दोघं उभे केले. माणसं गॅलरीत आली. सगळ्यात आधी फोन बाहेर आले, व्हिडिओसाठी. मग माझा फोन वाजायला लागला. ‘ताई, कशाचा वाजतोय?’ वीस मिनिटांत एकोणचाळीस फोन. त्या वेळात खरोखर सांगायला काही असतं तर मी ते कुणालाच सांगू शकले नसते, कारण माझी लाइन सतत गुंतलेली. अमेरिकेतल्या डॅलस शहरात एप्रिल 2017 मध्ये कुणीतरी सायरनच्या यंत्रणेत घुसून मध्यरात्रीच्या सुमारास दीडशेहून अधिक सायरन वाजवले होते. तेव्हा तिथल्या आणीबाणीच्या नंबरवर हजारो फोन गेले आणि खरी गरज असलेले लोक रांगेत अडकले. आमचे एकोणचाळीस म्हणजे तेच, छोट्या प्रमाणावर. सायरन ऐकून ‘कशाचा आहे’ विचारायला फोन करणं, ही पहिली सवय मोडावी लागते.

दुसरी सवय थांबून बघण्याची. मला लोकांचा राग आला नाही, कारण हे सगळीकडे होतं. हवाईतल्या हिलो गावात मे 1960 मध्ये त्सुनामीच्या चार तासांहून अधिक आधी सायरन वाजले होते. बहुतेकांनी ते ऐकले. पण इशाऱ्याची पद्धत थोड्याच काळापूर्वी बदलली होती, त्यामुळे कित्येकांना वाटलं की ही नुसती तयारीची सूचना आहे, निघायचं सांगणारा सायरन अजून वाजायचाय. तो वाजणारच नव्हता. 61 माणसं गेली. जॉप्लिन या अमेरिकी शहरात मे 2011 मध्ये टोर्नेडो, म्हणजे जमिनीवरचं भोवऱ्यासारखं वादळ आलं, तेव्हाही पहिल्या सायरननंतर लोक खात्री करायला थांबले, टीव्ही लावला, आभाळाकडे पाहिलं, शेजाऱ्याला विचारलं. सायरन नेहमीच वाजतात, हाही तिथला अनुभव होता. दीडशेहून अधिक मृत्यू झाले. आमच्या गॅलरीत उभी राहिलेली माणसं आणि ती माणसं यात मला काही फरक दिसत नाही.

आणि खात्री करावीशी वाटणं चूकही नाही, कारण सायरन कारण सांगत नाही. आमच्या दारात दोन धोके आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पाणी आलं तर दार उघडून वर पळायचं. वायू सुटला तर दार लावून आत बसायचं. भोपाळमध्ये 1984 च्या त्या डिसेंबरच्या रात्री कारखान्याचा बाहेरच्या लोकांसाठीचा सायरन वाजला आणि थोड्याच वेळात बंद केला गेला, तो परत लागला तेव्हा वायू वस्त्यांत पसरलेला होता. लोक घराबाहेर पडून धावले, धावताना धापा टाकत तोच वायू छातीत भरून घेत राहिले. ओलं फडकं तोंडावर धरा, एवढंही त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. हवाईतल्याच लहायना शहरात 2023 च्या ऑगस्टमध्ये वणवा शिरला तेव्हा सायरन वाजवलेच नाहीत. तिथल्या अधिकाऱ्यांनी नंतर कारण दिलं की लोक त्याला त्सुनामीचा सायरन समजून डोंगराकडे, म्हणजे आगीकडे गेले असते. हे कारण पटो न पटो, ते वाचल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होते. आपल्या सायरनचा अर्थ लोकांना माहीत नाही असं वाजवणाऱ्यालाच वाटत असेल, तर ते काम सायरन बसवला त्याच दिवशी व्हायला हवं होतं.

म्हणून आम्ही दुसऱ्या सरावाआधी सगळं सोपं केलं. सायरनचा अर्थ एकच ठेवला: आहात तिथे थांबा, पंखा-टीव्ही बंद करा, कान द्या. मग मेगाफोनवरून काय झालंय ते येणार. बॅटरीवरचा साधा मेगाफोन आहे, सेल दर तीन महिन्यांनी बदलतो आणि ते बदलल्याची तारीख त्याच्या मुठीवर चिकटवतो. मेगाफोनवर काय बोलायचं, ते आधीच लिहून त्याच्या पिशवीत ठेवलंय. पाण्यासाठी: ‘नदीला पाणी. तळमजला आणि पहिला मजला, जिन्याने तिसऱ्या मजल्यावर या. लिफ्ट नको. गाड्यांकडे जाऊ नका.’ वायूसाठी: ‘वायू सुटलाय. घरात राहा. दारं-खिडक्या बंद. पंखे, एसी बंद. दाराखाली ओलं कापड.’ जो वायू हवेपेक्षा जड असतो तो खालीच साचतो, त्यामुळे तळमजल्याने वर शेजाऱ्यांकडे जायचं, पण इमारतीच्या आतूनच. जो रस्त्यावर सापडेल त्याने वाऱ्याच्या दिशेने किंवा वाऱ्याच्या तोंडावर पळायचं नाही, आडवं निघायचं. झाडांची पानं कुठे हलतात ते बघून आडवं म्हणजे कुठे, हे पोरांना आम्ही चौकात उभं करून दाखवलं. मोठ्यांनाही दाखवावं लागलं.

इथे या वस्तूची दुसरी मोठी मर्यादा सांगते. वायूगळतीत हा सायरन वाजवायला माणूस उघड्यावर उभा राहतो, आणि तेव्हा उघड्यावर कुणीच असता कामा नये. हा मुद्दा बैठकीत आमच्या वॉचमनदादांनी काढला. ते म्हणाले, ‘ताई, मग मी कुठे जाऊ?’ आम्ही कुणीही त्यांचा विचार केला नव्हता, याची मला आजही लाज वाटते. आता नियम असा आहे की वायूसाठी हा सायरन बाहेर काढायचाच नाही. तिथे कारखान्याचा सायरन आणि फोनवरचा इशारा यांवरच भिस्त, आणि वॉचमनदादांनी आपली केबिन सोडून पहिल्या इमारतीत वर यायचं, कुणी दार अडवायचं नाही.

फोनवरच्या इशाऱ्याबद्दलही थोडं. तो मोठा कर्कश आवाज करून पडद्यावर येतो, फोन सायलेंट असला तरी बहुधा वाजतो, आणि टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी जातो. नंबर लागत नाही, त्यामुळे लाइन गर्दीने जाम झाली तरी पोचतो. शिवाय त्यात शब्द असतात, म्हणजे सायरनला जे जमत नाही ते त्याला जमतं. पण फोन विमान मोडवर किंवा बंद असेल तर काहीच नाही. आमच्याकडे सात जणांनी चाचणीच्या आवाजाला वैतागून सेटिंगमधून तो इशारा बंद करून टाकलेला सापडला. घरोघर बसून तो परत चालू केला. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन आजच बघा.

गेल्या पावसाळ्यात खरी वेळ आली. रात्री पावणेतीन. नदीकडच्या कुंपणाच्या भिंतीवर आम्ही पिवळ्या रंगाने रेघ मारून ठेवली आहे. पाणी त्या रेघेला लागलं की कुणाला विचारत बसायचं नाही, सायरन काढायचा, हे ठरलेलं. वॉचमनदादांचा फोन आला, मी बोळे शोधत खाली आले. पहिल्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा माझ्या आधी चौकात तिपाई उघडत होता. त्याने फिरवायला घेतलं. वीज गेलेली, पाऊस मोठा. त्या पावसात आवाज मला चौकात उभं राहूनसुद्धा घुसमटलेला वाटला आणि पोटात गोळा आला. मग समोरच्या खिडकीत टॉर्च लागला. मग बाजूच्या. मी मेगाफोन घेतला आणि एक्स्चेंजमध्ये नंबर सांगायचो तसं, शब्द सुटे-सुटे करून वाचलं. तीनदा. मधे सायरन, परत तीनदा.

या वेळी गॅलरीत माणसं उभी नव्हती, जिन्यात होती. तळमजल्यावरचे एक काका पूर्ण बहिरे आहेत, त्यांना हा सायरन काय किंवा कुठलाही काय, सारखाच. त्यांच्या दाराची किल्ली असलेल्या मुलीवर त्यांची जबाबदारी आहे. तिने ठरल्याप्रमाणे आत जाऊन टॉर्च त्यांच्या उशाशी भिंतीवर चालू-बंद केला, ते उठल्यावर ‘पाणी, वर’ लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड दाखवलं आणि हात धरून त्यांना वर आणलं. पहिल्या आवाजापासून तळमजला रिकामा व्हायला अकरा मिनिटं लागली. एक गृहस्थ मात्र स्कूटर काढायला पार्किंगकडे वळलेच. पाणी त्यांच्या नडगीपर्यंतच होतं, पण वाहतं होतं. जेमतेम 15 सेंटीमीटर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं हे त्यांना सरावात सांगितलेलं होतं, तरी गेले. दोघांनी हाताला धरून ओढून आणलं. स्कूटर वाहून भिंतीला जाऊन अडकली.

पाणी पहाटे पाचला ओसरल्यासारखं वाटलं आणि लोक खाली जायला निघाले. हा क्षण मला सायरन वाजवण्यापेक्षा अवघड गेला. ‘धोका टळला’ हे कोण सांगणार, ते आम्ही ठरवलंच नव्हतं. मी जिन्यात आडवी बसून राहिले, शब्दशः. सहाच्या सुमाराला पाणी परत वीतभर चढलं. आता नियम केलाय: पाणी पिवळ्या रेघेखाली दोन तास राहिल्याशिवाय आणि प्रशासनाकडून खात्री झाल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही, आणि ते मेगाफोनवरूनच सांगायचं. त्यासाठी सायरन वाजवायचा नाही, नाहीतर परत गोंधळ.

घ्यायचा असेल तर काही गोष्टी बघून घ्या. हँडल सोडल्यावर ते मोकळं राहायला हवं, चक्रीबरोबर फिरत राहणारं नको, त्याने आमच्या एका मुलाचं मनगट मुरगळलं आणि तो नग आम्ही बदलून घेतला. तिपाईचे पाय रुंद हवेत. वर्षातून दोनदा, त्यातलं एकदा पावसाळ्याआधी, दातेरी चाकांना ग्रीस लागतं. दमट हवेत ठेवलेला आमचा सायरन सप्टेंबरात इतका जड झाला होता की पोरांना फिरवता येईना. कुलपात ठेवू नका. सुरुवातीला तो ऑफिसच्या कपाटात होता आणि किल्ली सचिवांच्या खिशात, जे महिन्यातले दहा दिवस गावाला असतात. आता तो पहिल्या इमारतीच्या जिन्याखाली, नदीच्या पातळीपेक्षा उंच फळीवर, नुसत्या ताडपत्रीत आहे. दोनदा लहान मुलांनी खेळात वाजवला. तेवढं आम्ही चालवून घेतलं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता एक मिनिट वाजवतो, मागोमाग मेगाफोनवर ‘ही चाचणी आहे’ सांगतो, आणि त्या महिन्यात राहायला आलेल्या घरी कुणीतरी कार्ड घेऊन जातं. या महिन्यात दोन घरं आहेत. त्यातल्या एका घरात रात्रपाळी करणारी नर्स राहते, ती दिवसा कानात बोळे घालून झोपते. तिच्यासाठी काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. उद्या संध्याकाळी तिच्याकडे जाणार आहे.